मेंदूचे सिग्नल टिपणारी उपकरणं आणि आपली खासगी माहिती: नेमकं घाबरायचं कशाला?

आडवाट (धागाकर्ती)

कपाळावर बांधायच्या ध्यानाच्या पट्ट्या, झोप मोजणारे हेडबँड, इलेक्ट्रोड बसवलेले हेडफोन. ही सगळी उपकरणं आता डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतात. त्यांच्यावरची चर्चा मात्र मी जिथे वाचली तिथे दोन टोकांना जाऊन बसलेली दिसली. एका बाजूला 'आता मनातले विचारही चोरीला जाणार' असा गलका, दुसऱ्या बाजूला 'चार इलेक्ट्रोडमधून काय डोंबल कळणार' अशी थट्टा. माझ्या मते दोघंही भलत्याच ठिकाणी बोट ठेवतात.

थट्टा करणाऱ्यांचं जे बरोबर आहे ते आधीच मान्य करते. हान्स बर्गरनं १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी (डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडनी घेतलेली मेंदूच्या विद्युत हालचालींची नोंद) नोंदवला, तेव्हापासून मूळ तत्त्व तेच आहे. कवटीच्या बाहेर हाती येतो तो असंख्य पेशींचा एकत्रित, क्षीण सिग्नल, साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. पापणी लवली किंवा दात आवळले की त्यात गोंधळ उडतो. अशा सिग्नलमधून मनातलं वाक्य वाचता येत नाही.

पण उपकरण गोळा काय करतं आणि आपल्याला दाखवतं काय, यात फार अंतर आहे. चार इलेक्ट्रोडची पट्टी सेकंदाला २५६ नोंदी घेत असेल तर तासाभरात ३६ लाखांवर आकडे जमतात. अ‍ॅपवर मला दिसतो एक छोटा आलेख: आज तुम्ही इतकी मिनिटं शांत होता. बाकीचे आकडे कुठे गेले? फोनमध्येच राहिले की कंपनीच्या सर्व्हरवर पोचले? तिथे किती वर्षं राहणार? त्या आकड्यांत झोपेचे टप्पे असतात, पेंगुळलेपण असतं, क्वचित एखाद्या आजाराची खूणही असू शकते. आज त्यातून कोणाला फारसं काही काढता येत नसेल. पण नोंद साठवलेली असली की ती उद्याच्या सॉफ्टवेअरसाठीही तशीच हजर असते. मी संमती दिली होती ती आजच्या आलेखापुरती.

न्यूरोराइट्स फाउंडेशननं २०२४ मध्ये अशी उपकरणं ग्राहकांना विकणाऱ्या ३० कंपन्यांची धोरणं तपासली. त्यांतल्या २९ कंपन्यांनी ग्राहकाच्या मेंदूच्या डेटापर्यंत पोचायची वाट स्वतःसाठी मोकळी ठेवलेली दिसली, आणि तिला म्हणण्यासारखी मर्यादा घातलेली नव्हती.

तेव्हा या कच्च्या नोंदीच्या, म्हणजे अ‍ॅपवर न दिसणाऱ्या मूळ आकड्यांच्या, ताब्याबद्दल बोलू या. कोणाकडे असं उपकरण असेल, कोणी या क्षेत्रात काम करत असेल, कायदा माहीत असेल, तर जरूर लिहा.

तिरकस

मी ईईजीच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून थट्टा करणाऱ्यांच्या बाजूनं दोन शब्द. आमच्याकडे डोक्याला जेल लावून ३२ इलेक्ट्रोड बसवतात, खोली शांत असते, माणसाला हलू नका म्हणून दहादा सांगतो. एवढं करूनही निम्मा वेळ सिग्नल साफ करण्यात जातो. चालता-बोलता कोरड्या इलेक्ट्रोडनं घेतलेल्या नोंदीवरून 'तुमची एकाग्रता ७२' असं जे सांगतात, तो माझ्या लेखी निव्वळ ठोकताळा आहे.

आणि बातम्यांत येणारं 'यंत्रानं विचार वाचले' हे बहुतेक वेळा वेगळ्याच यंत्रांबद्दल असतं. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या गटाचा २०२३ चा शोधनिबंध घ्या. माणूस ऐकत असलेल्या गोष्टीचा आशय त्यांनी मेंदूच्या नोंदींवरून बऱ्यापैकी पकडला. पण तो एफएमआरआयमध्ये (मेंदूतला रक्तप्रवाह टिपणाऱ्या मोठ्या स्कॅनरमध्ये) झोपवून, एकेका माणसाच्या सुमारे १६ तासांच्या नोंदींवर मॉडेल शिकवून. एकाचं मॉडेल दुसऱ्याला चाललं नाही, आणि माणसानं मुद्दाम दुसरंच काही मनात आणलं तर तेही ढेपाळलं.

'आमचं यंत्र मन ओळखतं' ही भीती कंपन्यांच्या पथ्यावरच पडते, एवढं लक्षात ठेवा. फुकटात जाहिरात होते.

रानजाई

तिरकस, पहिल्या परिच्छेदाशी सहमत. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. आकडा ठोकताळा असेल तर माझी काळजी वाढते. अचूक आकडा निदान माझ्याबद्दल खरं तरी सांगेल. चुकीचा आकडा विमा कंपनीनं, शाळेनं किंवा साहेबानं खरा धरला तर मी तो खोटा ठरवणार कसा? माझ्या डोक्यात काय चाललं होतं याचा दुसरा साक्षीदार कुठून आणू?

२०१९ मध्ये चीनमधल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळाला एकाग्रता मोजणाऱ्या पट्ट्या बांधल्याची बातमी आली होती. मुलाचं लक्ष किती आहे ते पट्टीवरच्या दिव्याच्या रंगावरून शिक्षकांना दिसायचं. लोक चिडले तेव्हा स्थानिक प्रशासनानं तो प्रकार थांबवला. त्या पट्टीचं मोजमाप किती बरोबर होतं हे तिथल्या एकाही मुलाला विचारता आलं नसतं.

तिरकस

हा मुद्दा मान्य. मोजमाप बिनभरवशाचं असलं तरी त्यावरून घेतलेला निर्णय खरा असतो.

शेवटचा_बाक

माझ्या साहेबानं अशी पट्टी आणली तर पहिल्याच मीटिंगला दिवे जाळून बंद पडेल.

खटपट्या

मी अ‍ॅप बनवतो. मेंदूच्या उपकरणांची नाही, पण अंगावर घालायच्या इतर उपकरणांची बनवलीत. तिरकस म्हणतात तसं वाक्य वाचता येत नाही हे खरं. पण वाक्य न वाचताही माहिती काढता येते, आणि तेही आजच्या स्वस्त हेडसेटवर. त्यासाठी पी३०० नावाची मेंदूतली लहर समजून घ्यायला हवी.

समोरून भराभर चित्रं जात असताना मध्येच ओळखीचं किंवा अपेक्षित काही दिसलं की साधारण ३०० मिलिसेकंदांनी ईईजीत एक उंचवटा येतो. आपण ठरवून तो आणत नाही, तो येतोच. हात-पाय न हलवता अक्षरं निवडून लिहिण्याची सोय याच लहरीवर उभी आहे. २०१२ मध्ये इव्हान मार्टिनोविक आणि सहकाऱ्यांनी ती उलटी वापरून पाहिली. बाजारात मिळणारा गेमिंगचा हेडसेट लोकांना घालायला दिला आणि पडद्यावर बँकांची चित्रं, आकडे, महिने, चेहरे दाखवले. कोणत्या चित्राला मेंदू जास्त प्रतिसाद देतो यावरून त्या माणसाची बँक, पिनचा पहिला आकडा, जन्ममहिना असं काही ताडता येतं का, हे बघायचं होतं. नुसत्या अंदाजाच्या तुलनेत उत्तराबद्दलची अनिश्चितता सरासरी १५ ते ४० टक्क्यांनी कमी झाली.

पिन हातात आला असं याचा अर्थ नाही. पण हा प्रयोग करायला कवटी उघडावी लागली नाही, कोणाचं अकाउंट फोडावं लागलं नाही. चित्रं दाखवण्याची आणि कच्चा सिग्नल वाचण्याची, अशा दोनच परवानग्या अ‍ॅपला लागतात. गेमला या दोन्ही आपण बिनदिक्कत देतो.

तिरकस

त्या प्रयोगात माणसं शांत बसून पडद्याकडे बघत होती आणि तीच ती चित्रं पुन्हा पुन्हा दाखवली होती. घरी खेळताना एवढा साफ प्रतिसाद मिळणार नाही.

खटपट्या

घरी एका बैठकीत मिळणार नाही, बरोबर. पण गेम रोज खेळला जातो. आणि 'पुन्हा पुन्हा तीच चित्रं, खेळाडूचं लक्ष पडद्यावर' हेच तर गेमचं वर्णन आहे. मला एका माणसाचा पिन काढायचाच नसेल. हजारो खेळाडूंना दोन चिन्हं दाखवून कोणाचा कल कुठे आहे एवढं ढोबळ कळलं तरी जाहिरातवाल्याचं काम भागतं.

यावर उपाय सुचलेले नाहीत असंही नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या तमारा बोनाची आणि हॉवर्ड चिझेक यांनी दशकभरापूर्वीच 'बीसीआय अ‍ॅनॉनिमायझर' ही कल्पना मांडली होती (बीसीआय म्हणजे मेंदू आणि संगणक जोडणारं उपकरण). उपकरणातच गाळणी बसवायची. अ‍ॅपला कर्सर डावीकडे न्यायचा की उजवीकडे एवढंच हवं असेल तर तेवढंच बाहेर सोडायचं, कच्चा सिग्नल द्यायचाच नाही. तांत्रिकदृष्ट्या यात अशक्य काही नाही. पण कच्चा सिग्नल हीच पुढची कमाई आहे असं कंपनी धरून चालली असेल तर ती गाळणी कशाला बसवेल?

आडवाट

खटपट्या, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही नेमकं मांडलंत. फोनमध्ये कॅमेऱ्याची परवानगी वेगळी, मायक्रोफोनची वेगळी, ठिकाणाची वेगळी असते. मेंदूच्या सिग्नलला अशी वेगळी परवानगी मी तरी अजून पाहिलेली नाही. तो ब्लूटूथच्या परवानगीत गुपचूप आत येतो.

शेवटचा_बाक

एक भाबडा प्रश्न. संमतीच्या चौकोनात खूण आपणच केली ना? मग तक्रार कसली?

आडवाट

भाबडा नाही, कंपन्यांचे वकील हेच विचारतात. यावर एक गाजलेला निकाल आहे, चिलीचा. तिथले माजी सिनेटर गिडो गिरार्दी यांनी इमोटिव्ह कंपनीचा 'इनसाइट' हेडसेट घेतला आणि फुकट परवान्यावर वापरला. त्यांच्या लक्षात आलं की स्वतःच्याच मेंदूच्या नोंदी त्यांना उतरवून घेता येत नाहीत, त्या मात्र कंपनीच्या क्लाउडवर साठत राहतात. ते कोर्टात गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये चिलीच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि त्यांच्या नोंदी पुसून टाकायला सांगितलं. कंपनीचं म्हणणं होतं की संमती घेतली होती आणि डेटा अनामिक केला होता. तेवढ्यानं भागत नाही असं कोर्टाला वाटलं. एका कामासाठी घेतलेली माहिती संशोधनाला वापरायची तर त्यासाठी वेगळी, स्पष्ट संमती हवी, असा त्या निकालाचा रोख आहे.

चिलीनं २०२१ मध्येच घटनादुरुस्ती करून मेंदूच्या हालचालींना आणि त्यांतून मिळणाऱ्या माहितीला संरक्षण दिलं होतं, त्याचा या निकालाला आधार मिळाला. इतर देशांत काय परिस्थिती आहे हे कायद्यातलं कोणी सांगेल का?

कलम_बहाद्दर

सांगतो, पण आधीच बजावतो: कायद्यात शीर्षक वाचून खूश व्हायचं नसतं, व्याख्या वाचायची असते.

कोलोराडोनं एप्रिल २०२४ मध्ये आपल्या खासगीपणाच्या कायद्यात मेंदूचा डेटा 'संवेदनशील' माहितीत घातला. अमेरिकी राज्यांत हे पहिलंच. तिथे अशी माहिती घ्यायची तर आधी संमती लागते. छान वाटतं. मग व्याख्येत जा: ओळख पटवण्यासाठी वापरलेला किंवा वापरायचा असलेला डेटा. म्हणजे कंपनी म्हणू शकते, आम्ही यावरून कोणाची ओळख पटवत नाही, फक्त मूड ताडतो. झालं, सुटली.

कॅलिफोर्नियाचा कायदा सप्टेंबर २०२४ मध्ये सही होऊन १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. तिथे ओळखीची अट नाही, आणि मध्यवर्ती मज्जासंस्थेबरोबर (मेंदू आणि मज्जारज्जू) परिघीय मज्जासंस्थाही (बाकी शरीरभर पसरलेल्या नसा) धरली आहे. पण तिथे संवेदनशील माहितीचा वापर मर्यादित करा असं ग्राहकानं उठून सांगायचं असतं, आधी संमती घ्यायची सक्ती नाही. शिवाय मज्जासंस्थेखेरीज दुसऱ्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष व्याख्येतून वगळलाय. डोळ्यांची हालचाल, नाडी, टायपिंगचा वेग यांवरून तुमची मनःस्थिती ताडली तर ते 'न्यूरल डेटा'त बसत नाही.

मोंटानानं २०२५ मध्ये आपल्या जनुकीय माहितीच्या कायद्यातच मेंदूचा डेटा जोडून टाकला. कनेक्टिकटची व्याख्या फक्त मध्यवर्ती मज्जासंस्थेपुरती आहे. म्हणजे चार राज्यं आणि चार व्याख्या. एकाच नोंदीला एका राज्यात कुलूप आणि शेजारच्या राज्यात उघडं दार.

युरोपात जीडीपीआर या खासगी माहितीच्या कायद्याच्या नवव्या कलमात आरोग्याची माहिती आणि ओळखीसाठीची बायोमेट्रिक माहिती विशेष वर्गात येते, पण मेंदूच्या डेटाचं नाव त्यात नाही. आता कळलं ना पाकिटावर 'आरोग्य' न छापता 'स्वास्थ्य', 'ध्यान', 'एकाग्रता' असे शब्द का छापतात ते? वैद्यकीय दावा केला की उपकरणाच्या परवान्याचे नियम लागतात आणि डेटाला आरोग्याची माहिती म्हणणंही सोपं होतं. दावा टाळला की दोन्हींतून अंग काढून घेता येतं. अमेरिकेतला रुग्णमाहितीचा कायदा, हिपा, तोही दवाखाने, विमा कंपन्या आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांना लागतो. तुम्ही स्वतः विकत घेतलेल्या पट्टीच्या कंपनीला सहसा लागत नाही.

रानजाई, तुमच्या शाळेच्या मुद्द्याला धरून: युरोपच्या एआय कायद्यानं २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत बायोमेट्रिक माहितीवरून भावना ओळखण्यावर बंदी घातली आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. पण थकवा किंवा वेदना यांना तो कायदा 'भावना' मानत नाही. 'एकाग्रता' कुठे बसते यावर वकील बराच काळ पोट भरतील.

रानजाई

आणि भारतात?

कलम_बहाद्दर

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. त्यात 'संवेदनशील' असा वेगळा वर्गच नाही. मेंदूची नोंद आणि ईमेलचा पत्ता कायद्याच्या नजरेत एकाच पंगतीला. संमती, दुरुस्ती, पुसून टाकण्याची मागणी हे हक्क आहेत. पण आपला डेटा उचलून दुसरीकडे न्यायचा हक्क, जो युरोपात आहे, तो यात नाही. गिरार्दींसारखी 'माझ्या नोंदी मला द्या' ही मागणी इथे कोणत्या कलमाखाली करायची हा प्रश्नच आहे.

सांजवारा

सगळं वाचतेय. थोडी वेगळी बाजू मांडते, राग मानू नका.

माझ्या मोठ्या भावाला एएलएस आहे, स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाणारा मज्जासंस्थेचा आजार. बोलणं गेलं, हातही गेले. तुम्ही ज्याला धोका म्हणताय त्याची आमच्या घरी वाट बघतात. दादाला विचारलं तर तो आपला सगळा सिग्नल संशोधकांना उद्या देईल, त्यांनी तो कायमचा ठेवला तरी त्याची हरकत नसेल. माझी भीती एवढीच की पट्ट्या विकणाऱ्यांवर चिडून असे कडक नियम येतील, की त्यांत हे काम अडकेल.

खासगीपणाची जाणीव या संशोधकांना नाही असंही नाही. स्टॅनफर्डच्या गटाचं २०२५ चं काम बघा. मेंदूत सूक्ष्म इलेक्ट्रोड बसवलेल्या चार जणांचं मनातल्या मनात बोलणं त्यांनी ओळखून दाखवलं. तेव्हा एक गोष्ट त्यांच्याही लक्षात आली: बोलायला सांगितलेलं नसताना, पडद्यावरचे आकार नुसते मनात मोजतानाही त्या मोजणीची चाहूल यंत्राला लागत होती. म्हणून त्यांनी परवलीचा वाक्प्रचार ठेवला. तो मनात म्हटल्याशिवाय यंत्र मनातलं बोलणं उलगडायला घेत नाही, आणि तो ९८ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखला गेला. आजारी माणसाच्या हातात असं कुलूप देता येतं, तर निरोग्यांच्या पट्टीला का देता येत नाही?

आडवाट

सांजवारा, राग कसला? हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा आहे. दादांना माझा नमस्कार सांगा.

तुमच्या उदाहरणावरून एक विसंगती डोळ्यांत भरते. मेंदूत बसवलेलं यंत्र सर्वांत जास्त वाचतं, पण त्याच्याभोवती नैतिकता समिती असते, लेखी संमती असते, माणूस कधीही बाहेर पडू शकतो. कपाळावरची पट्टी फार कमी वाचते, पण तिच्याभोवती अ‍ॅपच्या अटींशिवाय काहीच नाही. आणि संख्येनं पुढे जाणार आहेत त्या पट्ट्याच. मला हवे असलेले नियम या दुसऱ्या गटासाठी आहेत. दादांनी जाणूनबुजून डेटा देणं आणि झोपेचा आलेख बघायला गेलेल्याचा डेटा न सांगता ठेवून घेणं, यांत एकच नियम लावायचं कारण नाही.

तिरकस

+१. आणि संशोधनात डेटा खुला ठेवतानाही आम्हाला सावध राहावं लागतं. नाव-गाव काढलं म्हणजे नोंद अनामिक झाली असं होत नाही. ईईजीत माणसागणिक ठेवण वेगळी असते, तिचा वापर ओळख पटवण्यासाठी करता येतो यावर ढिगानं शोधनिबंध आहेत. तुमची नावासहित एक नोंद कोणाकडे असेल तर बिननावाच्या नोंदींमध्ये तुम्हाला शोधणं अशक्य म्हणता येणार नाही. 'आम्ही फक्त अनामिक डेटा देतो' हे वाक्य धोरणात दिसलं की माझी भुवई वर जाते.

खटपट्या

अवांतर नाही, म्हणून लिहितो: सगळे डोक्याकडेच बघताहेत, मनगट राहून गेलं. मेटानं (तेव्हाचं नाव फेसबुक) २०१९ मध्ये कंट्रोल-लॅब्ज ही कंपनी घेतली आणि २०२५ मध्ये चष्म्याबरोबर मनगटाचा पट्टा आणला. मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या हुकमांचे विद्युत संकेत तो टिपतो, बोट जेमतेम हललं तरी त्याला कळतं. कलम_बहाद्दर, तुमच्या परिघीय मज्जासंस्थेच्या मुद्द्याचं महत्त्व इथे आहे. कनेक्टिकटच्या व्याख्येत हा पट्टा बहुधा बसणार नाही, कॅलिफोर्नियाच्या बसेल. हाताची थरथर, हालचालींचा वेग, टायपिंगची लय, हे सगळं त्या सिग्नलमध्ये असतं. लोक हेडबँडला बिचकतात, मनगटाला कोण बिचकणार?

रानजाई

कंपनी बुडाली किंवा विकली तर? माझं म्हणणं आहे की चांगल्या कंपनीचं चांगलं धोरणसुद्धा मालक बदलेपर्यंतच.

कलम_बहाद्दर

ट्वेंटीथ्री-अँड-मीचं झालं ना तसं. जनुकीय चाचण्या करणारी ही कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि सुमारे दीड कोटी लोकांच्या जनुकीय माहितीचं पुढे काय, यावरून अमेरिकी राज्यांच्या महाधिवक्त्यांना ग्राहकांना 'आपला डेटा पुसून घ्या' असं जाहीर आवाहन करावं लागलं. घर विकताना भाडेकरूही सोबत जातात, तसे ग्राहक नव्या मालकाकडे गेले. धोरणात 'विलीनीकरण, हस्तांतरण, मालमत्ता विक्री' असा परिच्छेद हमखास असतो. एकच परिच्छेद वाचायची ताकद उरली असेल तर तो वाचा.

तेऽहत्तीस_कोटी

गंमत म्हणजे चोरी, हॅकिंग वगैरेंवर इतकी चर्चा होते, पण आतापर्यंत आरोग्याच्या अ‍ॅप्समधून माहिती गेली ती बहुतेक राजरोस गेली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं बेटरहेल्प या समुपदेशनाच्या सेवेवर कारवाई केली, ७८ लाख डॉलर भरायला लावले. आरोप होता तो मानसिक आरोग्याची माहिती फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्यांना जाहिरातीसाठी दिल्याचा. हॅकर वगैरे कोणी नव्हता, मार्केटिंग विभाग होता.

शेवटचा_बाक

बरं, आता कामाचं सांगा. माझ्याकडे झोपेची पट्टी आहे. फेकून देऊ?

खटपट्या

फेकू नका. आधी एक साधी चाचणी करा. पट्टी आणि फोन जोडा, मग फोनचं वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा, फक्त ब्लूटूथ चालू ठेवा. रात्रभर वापरा. सकाळी आलेख दिसला तर हिशेब फोनमध्येच होतो आहे, म्हणजे कच्ची नोंद सर्व्हरवर पाठवण्याची तांत्रिक गरज नाही. आलेखच आला नाही, 'इंटरनेट जोडा' म्हणाला, तर प्रक्रिया बाहेर होते आहे. पण पहिल्या प्रकारातही नेट चालू झाल्यावर तो गुपचूप सगळं वर चढवू शकतो, म्हणून चाचणीनंतर अ‍ॅपनं किती डेटा वर पाठवला ते फोनच्या सेटिंगमध्ये बघा. काही केबी गेले असतील तर बहुधा सारांश गेला. अनेक एमबी गेले तर कच्ची नोंद गेली असावी असं समजा.

खातं उघडताना खरं नाव आणि नेहमीचा ईमेल देऊ नका. 'संशोधनाला मदत करा' ही खूण बऱ्याचदा आधीच केलेली असते, ती काढा. 'इतर अ‍ॅप्सशी जोडा' यात आरोग्याचं अ‍ॅप, कॅलेंडर, संगीत असं काय काय जोडलंय ते बघा. झोपेची नोंद एकटी असताना मुकी असते, कॅलेंडरशी जोडली की ती बोलायला लागते.

ज्यांना हात काळे करायची हौस आहे त्यांच्यासाठी ओपनबीसीआयसारखी खुली हार्डवेअर आहेत. त्यांत नोंद तुमच्या संगणकावर राहते, कुठे पाठवायची ते तुम्ही ठरवता. पण हे सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. ग्राहकानं सोल्डरिंग शिकावं हा खासगीपणाचा उपाय होऊ शकत नाही.

सांजवारा

हे शेवटचं वाक्य आवडलं. सगळा भार वापरणाऱ्यावर टाकायची सवयच लागली आहे.

आडवाट

माझ्याकडे एक जुनी पट्टी पडून आहे (कंपनीचं नाव लिहीत नाही). खातं बंद केलं तेव्हा 'आपलं खातं काढलं आहे' एवढंच उत्तर आलं, नोंदींचं काय झालं ते कळलं नाही. म्हणून एक पत्र तयार केलंय. सुधारणा सुचवा:

"मी आपल्या उपकरणाची ग्राहक होते. माझं खातं बंद झालं आहे. खालील गोष्टी लेखी कळवाव्यात. माझ्या कच्च्या ईईजी नोंदी आपल्याकडे अजून आहेत का, आणि असल्यास कुठे. त्या कोणत्या त्रयस्थ संस्थांना दिल्या. मला त्यांची प्रत वाचता येईल अशा स्वरूपात द्यावी आणि त्यानंतर बॅकअपसह पुसून टाकाव्यात. अनामिक केलेल्या प्रती असल्यास त्यांचाही उल्लेख करावा."

कलम_बहाद्दर

चांगलं आहे. दोन भर घाला. 'काढलेले निष्कर्ष' वेगळे मागा: एकाग्रता, ताण, झोप यांचे जे आकडे त्यांनी बनवले ते कच्च्या नोंदीत येत नाहीत असं ते म्हणतील. आणि कोणत्या कायद्याखाली मागताय ते नाव घालून लिहा, नाहीतर ग्राहकसेवेचा ठरीव साचा परत येतो. कंपनी युरोपात तुमच्यासारख्यांचा डेटा हाताळत असेल तर जीडीपीआरचं १५ वं आणि १७ वं कलम लिहा.

तिरकस

आणखी एक विचारा. त्या नोंदी मॉडेल शिकवायला वापरल्या का? नोंद पुसली तरी तिच्यावर शिकलेलं मॉडेल तसंच राहतं. त्याचं काय करणार हे बहुतेक धोरणांत लिहिलेलंच नसतं, निदान लेखी विचारल्याची नोंद तरी होईल.

खटपट्या

उपकरणाचा अनुक्रमांकही पत्रात टाका. पुष्कळ ठिकाणी नोंदी ईमेलशी जोडलेल्या नसतात, उपकरणाच्या क्रमांकाशी जोडलेल्या असतात. ईमेलवरून शोधलं की 'आपल्या नावावर काही सापडलं नाही' असं उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं.